साडेतीन महिन्यांचा डोस राहिला, आता काय?

"मावशी, वर्षभरापूर्वी आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. माझं बाळंतपण माहेरी, सुरगाणा तालुक्यात झालं. मुलगी आता साडेचार महिन्यांची आहे. जन्माच्या वेळच्या लसी आणि दीड महिन्याचे डोस माहेरीच झाले. त्या रात्री तिला १०२ ताप आला, मांडी सुजली, दोन दिवस किरकिर करत होती. इकडे आल्यावर चुलतसासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला एका दिवशी तीन-तीन सुया कशाला, जरा मोठी होऊ दे. ते 'जरा' लांबत गेलं आणि अडीच आणि साडेतीन महिन्यांचे दोन्ही डोस राहिले. शेजारच्या ताई म्हणतात, सरकारी लस घेऊच नका, खासगीत 'पेनलेस' मिळते. भाव ऐकून आम्ही गप्प बसलो. माहेरी आशाताई घरी यायच्या, वजन करायच्या. इथे कोणी फिरकत नाही. सासूबाईंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, त्या अंथरुणावर आहेत. मिस्टर अंबडला कंपनीत, पाळ्यांची ड्युटी. सासूबाईंना एकटं सोडून बाळाला घेऊन जाऊ कशी? सिस्टर घरी येऊन लस देत नाहीत का? सासूबाईंसाठी सरकारकडून मदतीला बाई मिळते का? आणि आता सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागतील का? कार्डावर मुलीचं नावही नाही, नुसतं 'बेबी ऑफ' लिहिलंय. कधी कधी रात्री उगाचच रडू येतं. – एक आई"

अगं, तू मावशी म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

डोस पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत. हे आधी सांगते, कारण या एका धास्तीपायी कितीतरी आया दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. 'एवढा उशीर झाला, आता सिस्टर ओरडणार, सगळं परत करायला लावणार' असं मनात येतं आणि आणखी महिना जातो. सोडलेलं विणकाम कोणी उसवत बसत नाही, तिथूनच पुढे विणतात. लसीचंही तसंच आहे. दीड महिन्याला मिळालेला डोस शरीर विसरत नाही. मधलं अंतर वाढलं म्हणून तो वाया जात नाही. अंतर कमी मात्र करता येत नाही. पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, दोन डोसांत किमान चार आठवडे लागतातच. म्हणजे राहिलेले दोन्ही डोस एका आठवड्यात उरकून टाकू म्हटलंस, तर कोणी देणार नाही आणि देऊही नये.

आता तुझ्या लेकीचा हिशेब मांडू. कार्ड हातात घेऊन बस. दीड महिन्याच्या रकान्यात पाच नोंदी असायला हव्यात: डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोकॉकस जंतूवरची लस), उजव्या दंडावर कातडीत दिलेला आयपीव्हीचा (सुईने देतात त्या पोलिओ लसीचा) छोटा डोस, आणि तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस). त्यातलं काही राहिलं असेल तर तेही पुढे भरून काढता येतं. आता जाशील तेव्हा पेंटा, पोलिओ आणि रोटा यांचे दुसरे डोस मिळतील. आयपीव्ही आणि पीसीव्हीचा दुसरा डोस एरवी साडेतीन महिन्यांना असतो. त्या दोघांना आधीच्या डोसापासून आठ आठवडे लागतात आणि ते तर कधीच उलटून गेलेत, त्यामुळे तेही त्याच दिवशी देता येतात. मग चार आठवडे थांबून पेंटा, पोलिओ, रोटाचे तिसरे डोस. झालं, दोन खेपांत ती इतर मुलांच्या बरोबरीला येते. नंतर थेट नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, त्यासोबत पीसीव्हीचा बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस. कार्ड बघून नेमकं काय द्यायचं ते सिस्टरच ठरवतील, पण तुला आधीच माहीत असलं की एखादी लस राहिली तर तिथल्या तिथे विचारता येतं.

आणि हे याच आठवड्यात कर. चुलतसासूबाईंचं 'जरा मोठी होऊ दे' ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण लसी इतक्या लहानपणी देतात त्यालाच कारण आहे. पेंटात पाच आजारांपासून संरक्षण असतं: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर. यातला डांग्या खोकला मोठ्या माणसाला महिना-दोन महिने हैराण करून सोडतो. सहा महिन्यांच्या आतलं बाळ मात्र खोकताना श्वासच धरतं, निळं पडतं. मोठं होईपर्यंत थांबायचं म्हणजे धोक्याचे नेमके महिने लसीविना काढायचे. तुझ्या लेकीला एक डोस मिळालाय, पण एका डोसाचं संरक्षण अर्धवट असतं. तोवर घरात कोणाला खोकला असेल तर त्याने बाळाला उचलू नये, चुलतसासऱ्यांनीसुद्धा.

गोवर तर आपल्या दारात येऊन गेलाय. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला साथ आली, त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात मालेगावातही रुग्ण सापडले. लागण झाली ती बरीचशी लस राहिलेल्या मुलांना. त्यामुळे नऊ महिन्यांची तारीख आजच कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेव.

तापाचं बोलू. तुझी काळजी खरी तिथे आहे, आणि चुलतसासूबाईंचीही. त्यांना वाईट ठरवू नकोस. रात्रभर तापलेलं लेकरू पाहिलं की कोणाचंही काळीज हलतं. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो घटक असतो तो पूर्ण जंतू मारून केलेला असतो. त्याने ताप येतो, सुईच्या जागी लालसर सूज येते, गाठ येते. हे बहुतेक पहिल्या दिवशी सुरू होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. गाठ कधी कधी काही आठवडे हाताला लागते, तिला काही करायचं नसतं. तुझ्या लेकीला झालं ते एवढंच होतं. त्यामुळे पुढचा डोस टाळायचं कारण नाही. याही वेळी ताप येईल असं धरूनच चाल, म्हणजे रात्री घाबरायला होणार नाही.

तापाला पॅरासिटामॉल. पण एक गोष्ट नीट वाच, इथे मोठी गफलत होते. पॅरासिटामॉल ड्रॉप्समध्येही मिळतं आणि सिरपमध्येही, आणि दोन्हींची ताकद वेगळी असते. बहुतेक ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये साधारण तेवढंच औषध पाच मिलीत असतं. शेजारणीने सांगितलेलं 'अर्धा चमचा' तिच्या बाटलीचं असतं, तुझ्या बाटलीचं नव्हे. लस घेतानाच बाळाचं वजन करून घे, आपल्याकडे ड्रॉप्स आहेत की सिरप ते सिस्टरला सांग आणि किती मिली, किती तासांनी, हे कार्डाच्या कोपऱ्यात लिहून घे. ताप यायच्या आधीच देऊन ठेवू नकोस. सुजलेल्या जागी पाण्यात पिळलेला गार फडका ठेव. शेक, चोळणं, हळद, तेल, कच्च्या बटाट्याची चकती, यातलं काही नको. बटाटा भाजीत घाल.

डॉक्टरकडे कधी पळायचं? ताप दोन दिवसांच्या वर राहिला, बाळ तीन तास सलग रडतंय आणि काही केल्या थांबत नाही, झटका आला, अंग ढिलं पडलं, दूध ओढेना, श्वास लागला. यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, लगेच निघायचं. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन. आणि लस दिलेल्या सिस्टरला नंतर कळवायचंच, ती नोंद त्यांना करावी लागते. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात तेही याचसाठी. अगदी क्वचित तीव्र ॲलर्जी उठते, ती बहुतेक त्या वेळातच उठते आणि तिचं औषध तिथे तयार असतं. पार्किंगची काळजी करत दहा मिनिटांत उठू नकोस.

तीन सुयांबद्दल चुलतसासूबाईंना एवढंच सांग: तीन दिवस वेगवेगळ्या सुया म्हणजे तीन वेळा रडणं, तीन खेपा, आणि तिसरी खेप राहतेच. बाळाच्या शरीराला एका वेळी तीन लसींचं ओझं होत नाही. सुई टोचताना बाळाला अंगावर पाजत धर, रडणं पुष्कळ कमी होतं. सर्दी, थोडा खोकला, पातळ शी असली तरी लस देतात. खूप ताप असेल तर मात्र पुढे ढकलतात. लहान चणीचं किंवा दिवस भरायच्या आत झालेलं बाळ असलं तरी तारीख जन्मापासूनच मोजायची. ही शंका घेऊन दुसऱ्या काही आयांची पत्रं आली आहेत, त्यांनीही हे वाचावं.

आता 'पेनलेस'. नावाएवढी काही ती वेदनारहित नाही, सुई ती सुईच. त्यात डांग्या खोकल्याचा पूर्ण जंतू नसतो, त्याचे निवडक भाग असतात, म्हणून ताप आणि सूज कमी. पण त्या घटकाचं संरक्षण लवकर ओसरतं असंही दिसून आलंय. म्हणजे महागडी लस म्हणजे भारी आणि फुकट ती हलकी, असं नाही. ज्यांना परवडतं आणि ताप नकोच आहे त्यांनी खुशाल घ्यावी. तू घेतली नाहीस म्हणून लेकीवर अन्याय होत नाही. रोटा आणि पीसीव्ही काही वर्षांपूर्वी फक्त खासगीत, हजारो रुपये मोजून मिळायच्या. आता त्याच मनपाच्या दवाखान्यात फुकट आहेत. खासगीत काही जादा लसी असतात: टायफॉइड, कांजिण्या, कावीळ 'अ', फ्लू, गालगुंड. पुढे कधी हाताशी पैसे असले तर त्यांचं बघ, पण आधी कार्डावरच्या पूर्ण होऊ देत.

माहेरचं कार्ड इथे चालतं. सुरगाण्यात सुरू केलेलं लसीकरण नाशिकमध्येच काय, कुठेही पुढे चालू ठेवता येतं. त्यासाठी कुठलं पत्र, आधारचा पत्ता बदलणं, भाडेकरार वगैरे लागत नाही. लस मुलाची असते, वॉर्डाची नाही. कोणी 'तुमच्या एरियात जा' म्हणालं तर शांतपणे दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेट.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य मला हे वाटलं: 'इथे कोणी फिरकत नाही.' का फिरकत नाही ते सांगते. गावात साधारण हजार माणसांमागे एक आशा असते, आणि तिला घरं, गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं तोंडपाठ असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी यायचं, बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध ओढणं बघायचं, असा नियमच आहे. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एक भेट. शहरात आशा आहेत, पण त्यांची नेमणूक मुख्यतः झोपडपट्टीत आणि गरीब वस्त्यांत. तुमच्या पाथर्डी फाट्याच्या नव्या इमारती कोणाच्याच यादीत नसतात. वॉचमन आत सोडत नाही, घरं भाड्याची, माणसं वर्षाला बदलतात. परत बाळंतपण माहेरी. म्हणजे माहेरच्या आशाताईंच्या यादीत तू 'सासरी गेली' आणि इथल्या यादीत तू कधी आलीच नाहीस. आपली सगळी आरोग्यसेवा यादीवर चालते, सिस्टरांच्या भाषेत 'ड्यू लिस्ट'. त्या यादीत जे नाव आहे त्याला फोन जातो, निरोप जातो, घरी कोणी येतं. ज्याचं नाव नाही त्याच्यासाठी कोणी वाईट नसतं, फक्त तो कोणाला दिसत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच: लेकीचं नाव यादीत घाल. लस घ्यायला जाशील त्या दिवशी लस घेऊन लगेच बाहेर पडू नकोस. सिस्टरला म्हण, "आम्ही इथे नवीन राहायला आलोय, आमच्या बिल्डिंगचा सर्व्हे झालेला नाही, बाळाचं नाव तुमच्या रजिस्टरला घ्या." नाव, पत्ता, मोबाइल, कार्डावरचा आरसीएच (सरकारी माता-बाल नोंदणीचा) नंबर. भागातल्या एएनएमचं, म्हणजे आरोग्यसेविकेचं, नाव आणि त्यांचा फोन विचारून घे. शेजारच्या वस्तीत आशाताई असतील तर त्यांचाही. दुसरं, जवळची अंगणवाडी शोध. ती फ्लॅटवाल्यांसाठी नसते असा एक गैरसमज सोसायट्यांमध्ये फार आहे. तिथे दर महिन्याला वजन होतं, सहा महिन्यांनंतर बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, आणि लसीकरणाचं सत्र पुष्कळदा तिथेच भरतं. तिसरं, यू-विनवर नोंद करून घे. केंद्र सरकारचं हे पोर्टल आहे. दिलेली लस त्यावर चढली की पुढच्या तारखेचा संदेश मोबाइलवर येतो, जवळचं सत्र कुठे आहे ते दिसतं आणि प्रमाणपत्र उतरवता येतं. उद्या कार्ड पावसात भिजलं तरी नोंद राहते. तरीही कार्ड जपच. मी आरोग्यसेविका होते त्या काळात कार्ड हरवलेलं मूल म्हणजे आमच्या डोक्याला ताप असायचा, कारण कोणाला काही आठवत नाही आणि आजी म्हणते सगळं दिलंय.

तुमच्या बिल्डिंगमध्ये आणि आजूबाजूला पाच वर्षांखालची बरीच मुलं असतील. चार-पाच आयांनी मिळून एका कागदावर मुलांची नावं, जन्मतारखा लिहून शहरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दिली, तर सोसायटीच्या हॉलमध्ये सत्र लावण्याची मागणी करता येते. सत्र असं बाहेर नेण्याची पद्धत आहेच, त्याला 'आउटरीच' म्हणतात. मुलं पुरेशी असली की त्यांनाही ते सोयीचं पडतं.

घरी येऊन लस मात्र मिळत नाही. पल्स पोलिओच्या वेळी बूथ झाल्यावर पुढचे दिवस पथकं दारोदार येतात, पण ते थेंब असतात. बाकीच्या लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, आणि एखाद्या बाळाला ॲलर्जी उठली तर औषध आणि माणसं हाताशी असावी लागतात. शिवाय गोवर-रुबेला आणि बीसीजीची (क्षयावरच्या लसीची) कुपी एकदा पातळ केली की चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची, आणि एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. म्हणून ठरावीक दिवशी, बाळं जमवून लस देतात. जाण्याआधी वार विचारून घे, नाहीतर उन्हात बाळाला घेऊन जायची आणि 'आज नाही, बुधवारी या' ऐकून परत यायची.

कुठे जायचं? घराजवळचं मनपाचं शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र पहिलं. ते सापडेपर्यंत सिडकोत मोरवाडीला मनपाचं श्री स्वामी समर्थ रुग्णालय आहे, तुम्हाला ते सोयीचं. इतर वाचकांसाठी: द्वारका-काठे गल्लीकडे डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय, नाशिकरोडला बिटको, पंचवटीत इंदिरा गांधी रुग्णालय. आणि त्र्यंबक रोडचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, तर सगळ्यांनाच माहीत.

सासूबाईंना सोडून कशी जाऊ, हे विचारलंस. माझा उलटा प्रश्न: तूच का जायचं? मिस्टरांची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात सकाळ मोकळी असते आणि लसीकरण सकाळीच असतं. बाप कार्ड घेऊन, बाळाला कडेवर घेऊन गेला तर सिस्टर लस देतात. थोडं कौतुकही करतात, ज्याचा मला दरवेळी राग येतो, पण ते असो. बाळ अंगावर पितं म्हणून पहिल्या खेपेला दोघं जायचं असेल तर दोन तासांसाठी चुलतसासूबाईंना सासूबाईंजवळ बसायला बोलाव. लसीला विरोध करणारं माणूस या कामाला लावलं की विरोध निम्मा होतो.

सासूबाईंसाठी सरकारी बाई मिळते का, याचं उत्तर तुला आवडणार नाही. नाही मिळत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं न्हाऊमाखू घालायला, कूस बदलायला रोज घरी येणारं माणूस देणारी योजना आपल्याकडे नाही. आशाताई त्यासाठी नसतात आणि त्यांच्याकडून ते काम मागूही नये, त्यांच्या मोबदल्यात ते बसत नाही. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचे. घरच्या शुश्रूषेला ते लागू नाही. सासूबाई सत्तरीच्या वर असतील तर कार्ड काढून ठेवाच, उद्या पुन्हा झटका आला तर धावाधाव वाचेल.

पण एक दार तुम्ही ठोठावलेलं दिसत नाही. मिस्टरांच्या पगाराच्या पावतीवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात आहे का बघ. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ही योजना लागू असते, आणि तिच्यात बायको-मुलांबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. सासूबाईंचं नाव कुटुंबात चढवलेलं नसेल तर कंपनीच्या एचआरला सांगून चढवून घ्या. कामगार विमा रुग्णालय सातपूरला आहे, औषधं आणि तपासण्या तिथून होऊ शकतात. ईएसआय नसेल तर सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात एकदा दाखवा. अर्धांगवायूत व्यायाम थांबला की सांधे आखडतात. घरी करायचे चार व्यायाम तिथे शिकून घेतले तर ते मिस्टरही करून घेऊ शकतात. दर दोन तासांनी कूस बदलणं विसरू नका, पाठीला जखम झाली की सगळ्यांचेच हाल.

पैसे देऊन बाई ठेवायची असेल तर नाशिकमध्ये ब्युरो बरेच आहेत, बारा तासांची, चोवीस तासांची, दोन्ही मिळतात. पूर्ण दिवस परवडत नसेल तर सकाळचे दोनच तास, अंघोळ आणि अंथरूण आवरण्यापुरती, अशी बाई वस्तीतूनच मिळते आणि तेवढ्यानेही तुझा दिवस सुटतो. ब्युरोकडून घेतलीस तर पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी कागदावर घे: ती नेमकं काय काम करणार, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण देणार, आणि मधेच बंद केलं तर आगाऊ रकमेचं काय. ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी मागायला लाजू नकोस. आणि तिला खोकला नाही ना, हे पहिल्या दिवशीच विचार, घरात तान्हं आहे.

तुझ्या हक्काचं आणखी एक राहतंय. हे पहिलं मूल असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. आई स्वतः नियमित सरकारी नोकरीत नसावी आणि योजनेच्या निकषांपैकी एखादा लागू असावा, वार्षिक आठ लाखांखालचं उत्पन्न हा त्यातलाच एक. दुसरा हप्ता जन्मनोंद आणि बाळाची लसीकरणाची पहिली फेरी झाल्यावर मिळतो. म्हणजे राहिलेले डोस आणि अडकलेले पैसे, दोन्हींचं कुलूप एकच. बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत अर्ज जायला हवा. अंगणवाडीताईंना विचार, माहेरी नोंद झाली होती का तेही आईला फोन करून बघ.

रात्रीच्या रडण्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मी ती दोनदा वाचली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं बहुतेकींना होतं. साडेचार महिन्यांनीही येत असेल, बाळ झोपलेलं असताना तुला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. एका हाताने तान्हं आणि दुसऱ्या हाताने अंथरुणावरचं माणूस सांभाळणाऱ्या बाईला तो होऊ नये, असं कुठे लिहिलंय? लसीला जाशील तेव्हा तिथल्या डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांग. नाहीतर १४४१६ हा टेलिमानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा, नंबर फिरव. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार एकदाही आला असेल, तर सकाळपर्यंत थांबू नकोस. मिस्टरांना उठव, सांग आणि त्याच रात्री दवाखान्यात जा.

राहिलं नाव. 'बेबी ऑफ' लिहिलेलं कार्ड लसीला पूर्ण चालतं, त्यावरून कोणी परत पाठवत नाही. जन्म सुरगाण्यात झाला, म्हणजे जन्माची नोंद तिथल्याच निबंधकाकडे आहे, नाशिक मनपाकडे नाही. नावाशिवाय नोंद झालेली असली तर वर्षाच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं, नंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तुझ्याकडे अजून सात महिने आहेत. नाव, आडनाव, बापाचं नाव यांचं स्पेलिंग आधी घरात सगळ्यांनी बसून ठरवा, मग जन्मदाखल्यावर, यू-विनवर आणि आधारवर तेच द्या. दिवाळीला माहेरी जाशील तेव्हा अर्जाचं काम उरकून ये, आणि तिथल्या आशाताईंना सांग की तुमच्या यादीतली मुलगी आता नाशिकच्या यादीत आहे.